आकाशातली वाट : एका काट्यावर विसंबू नये

जुन्नरची लेणी पाहायला आपल्यापैकी अनेकजण मुलाबाळांसह गेले असतील. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले विहार आणि चैत्यगृहे हा आपल्या सर्वांचा ठेवा आहे. नाणेघाटातून कोकणात उतरणारा जुना व्यापारी मार्ग याच मुलुखातून जात असे. पावसाळ्यात या डोंगरांवर ढग उतरतात आणि दहा पावलांवरचा माणूसही दिसेनासा होतो.

याच डोंगराळ मुलुखात ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर एक मोठे जेट विमान आदळले. इटलीच्या अलिटालिया कंपनीचे ते डीसी-८ जातीचे विमान सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईला येत होते. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. विमानात ९४ माणसे होती. त्यांतले एकही वाचले नाही.

या अपघाताच्या चौकशीत जे निष्पन्न झाले ते विचार करायला लावणारे आहे. कारण यंत्राच्या बिघाडाचे नव्हते. वैमानिकाला वाटले की आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत. तो तितका जवळ आलेला नव्हता. त्या समजुतीवर त्याने काळोखात, ढगांत, विमान वेळेआधीच खाली आणले. आपली नेमकी जागा ठरवण्यासाठी जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांची मदत उपलब्ध होती, पण ती घेऊन खात्री करून घेतली गेली नाही.

"मी आत्ता कुठे आहे?" हा प्रश्न एवढा साधा, आणि त्याचे उत्तर चुकले की एवढी जीवितहानी! आज उपग्रह आहेत, संगणक आहेत, मग हा प्रश्न कायमचा सुटला का? सुटलेला नाही. तो का सुटलेला नाही, आणि त्यातून तुम्ही-आम्ही काय घ्यावे, हे या लेखात पाहू.

आम्ही वैमानिक नाही. हिशेबाच्या वह्या लिहिणारे कारकून आहोत. पण या विषयावर जे जे वाचत गेलो, त्यात आम्हाला आमच्याच कामाचे तत्त्व सापडले. ते ओघात येईलच.

जमिनीवरचे अदृश्य दीपस्तंभ

समुद्रात जहाजांना जसा दीपस्तंभ, तशी विमानांना रेडिओ केंद्रे. त्यांचे चार मुख्य प्रकार आहेत.

पहिला आणि सर्वांत जुना प्रकार एनडीबी. हे केंद्र चारी दिशांना एकसारख्या रेडिओलहरी सोडत राहते आणि विमानातला काटा त्या केंद्राकडे वळतो. रचना सोपी आणि स्वस्त. पण या लहरी आपल्या घरच्या मीडियम वेव्ह रेडिओच्या शेजारच्या. रात्री रेडिओवर दूरदूरची केंद्रे एकमेकांत घुसतात, खरखर होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. तोच त्रास या काट्याला होतो. वीज कडाडली तर काटा केंद्र सोडून विजेच्या ढगाकडे वळतो. म्हणजे ज्या ढगाला टाळायचे, काटा त्यालाच "हे तुझे घर" म्हणून दाखवतो.

दुसरा प्रकार व्हीओआर. हे केंद्र दोन खुणा एकदम पाठवते. एक सर्व दिशांना सारखी, दुसरी सेकंदाला ३० वेळा गोल फिरणारी. या दोहोंतला फरक मोजून विमानातले यंत्र सांगते की तुम्ही केंद्राच्या ३६० अंशांपैकी अमुक अंशाच्या रेषेवर आहात. विजेचा खरखराट याला फारसा बाधत नाही. मात्र या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. विमान खाली उतरलेले असेल आणि केंद्र डोंगराआड असेल, तर ऐन गरजेच्या वेळी खूण मिळत नाही.

तिसरा प्रकार डीएमई, म्हणजे अंतर मोजणारा. विमान केंद्राला हाक देते, केंद्र ठरलेल्या क्षणाने ओ देते. हाक आणि ओ यांतल्या वेळेवरून अंतर निघते. पण हे अंतर तिरपे असते. विमान केंद्राच्या बरोबर डोक्यावर ६००० फुटांवर असेल, तरी यंत्र शून्य न दाखवता सुमारे एक सागरी मैल दाखवते. शिवाय एक केंद्र एका वेळी साधारण शंभर विमानांनाच ओ देऊ शकते.

चौथा प्रकार आयएलएस. ढगांतून थेट धावपट्टीवर आणणारा. एक लहर डावे-उजवे सांगते, दुसरी उताराचा कोन सांगते. हा उतार साधारण तीन अंशांचा असतो. पण धावपट्टीजवळ दुसरे विमान किंवा मोठे वाहन उभे असेल तर लहरी त्यावर आपटून वाकड्या होतात. खऱ्या उताराच्या वर खोटे उतारही तयार होतात. म्हणून वैमानिकाला शिकवतात की उताराची रेषा खालच्या बाजूने पकडावी आणि उंचीमापक बघत राहावे.

६ ऑगस्ट १९९७ रोजी पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर कोरियन एअरचे बोइंग ७४७ विमान पावसाळी रात्री उतरत होते. त्या दिवसांत तिथली उतार दाखवणारी लहर दुरुस्तीसाठी बंद होती. तशी सूचनाही दिलेली होती. तरी विमानात "चालू आहे की बंद?" असा घोळ शेवटपर्यंत राहिला. विमान धावपट्टीच्या अलीकडे डोंगरावर आदळले. २५४ पैकी २२८ माणसे मरण पावली.

एका अक्षराचा घोळ

कधी केंद्र ठीक असते, यंत्रही ठीक असते, आणि चूक असते ती नोंदीत. २० डिसेंबर १९९५ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात अमेरिकन एअरलाइन्सचे विमान काली शहरात उतरायला निघाले होते. वाटेत रोझो नावाचे रेडिओ केंद्र होते. नकाशावर त्याची खूण होती "आर". वैमानिकाने संगणकात "आर" टाकले. पण संगणकाच्या यादीत त्या अक्षराचे पहिले केंद्र दुसरेच होते, राजधानी बोगोटाजवळचे रोमिओ. संगणकाने निमूटपणे विमान तिकडे वळवले. काळोखात दोन्ही बाजूंना डोंगर होते. वैमानिकांच्या ध्यानात येईपर्यंत उशीर झाला. १६३ पैकी १५९ जण गेले.

कार्यालयात एकाच आडनावाच्या दोन माणसांच्या खात्यांत रकमा उलटसुलट झाल्या तर महिनाअखेरीस ताळा जुळत नाही, चूक सापडते, दुरुस्त होते. आकाशात महिनाअखेर नसते.

समुद्रावर वाट कोण दाखवणार?

जमिनीवर केंद्रे उभारता येतात, महासागरावर कशी उभारणार? तिथे विमाने जडत्वावर चालणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून राहत. निघालो तिथून किती वळलो, किती वेगाने गेलो, याची बेरीज हे यंत्र करत राहते. बाहेरच्या कोणाची मदत लागत नाही हा तिचा गुण. सुरुवातीची छोटी चूक तासागणिक वाढत जाते हा दोष.

१ सप्टेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कहून अलास्कातील अँकरेजमार्गे सोलला जाणारे कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे विमान वाटेवरून ढळले. स्वयंचलित चालक त्या जडत्व यंत्रणेशी जोडला न जाता नुसत्या दिशेवर चालत राहिला आणि पाच तासांहून अधिक काळ कोणाच्या ते लक्षात आले नाही. विमान ठरल्या वाटेपासून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर, तेव्हाच्या सोव्हिएत संघाच्या हद्दीत गेले. सखालिन बेटाजवळ लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ निरपराध माणसे बळी गेली.

या घटनेनंतर त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी जाहीर केले की, लष्करासाठी उभी राहत असलेली जीपीएस ही उपग्रह यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी विमानांनाही खुली केली जाईल. १९९५ साली ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली. तरीही नागरी वापरासाठी तिची अचूकता मुद्दाम कमी ठेवलेली असे. ते बंधन मे २००० मध्ये उठले.

चार उपग्रहांचे गणित

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. पृथ्वीवर सर्वत्र खूण मिळावी म्हणून किमान २४ उपग्रहांची रचना आहे. प्रत्येकात अणुघड्याळ असते. उपग्रह सांगत राहतो, "मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत." ही खूण प्रकाशाच्या वेगाने येते, तरी तिला विमानापर्यंत पोचायला सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागाइतका वेळ लागतो. किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते.

तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा निघते. मग चौथा कशाला? कारण विमानातले घड्याळ अणुघड्याळाइतके अचूक नसते, आणि घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. चौथा उपग्रह हे घड्याळ दुरुस्त करून देतो.

आता कारकुनाच्या आवडीचा भाग. चार उपग्रहांवर उत्तर मिळते, पण त्यातला एक चुकीचे सांगत असेल तर ते कळायला मार्ग नाही. पाचवा मिळाला की ताळा करता येतो. चारांचे उत्तर पाचव्याशी जुळते का, हे यंत्र तपासते. जुळले नाही तर "कोणीतरी चुकते आहे" एवढे कळते. कोण चुकतो ते मात्र सहावा उपग्रह मिळाल्यावरच शोधता येते. रोजकीर्द आणि बँकेचे पासबुक समोरासमोर ठेवून आम्ही जे करतो, तेच हे. एकच वही असेल तर तिच्यातली चूक ती वही स्वतः सांगत नाही.

उपग्रहाच्या मर्यादा

उपग्रहाने अनेक अडचणी दूर केल्या. डोंगराआडचे छोटे विमानतळ, महासागर, वाळवंट, सगळीकडे वाट दिसू लागली. पण मर्यादाही आहेत, त्या समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा वातावरणाची. खूप उंचावर विद्युतभारित कणांचा थर आहे. त्यातून येताना खूण रेंगाळते, वाकते. आपला देश विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात येत असल्याने सूर्यास्तानंतर हा त्रास आपल्याकडे अधिक होतो. सूर्यावर वादळे उठली की आणखी वाढतो.

दुसरी मर्यादा उंचीची. उपग्रह डोक्यावरच असतात, पायाखाली नसतात. त्यामुळे आडव्या जागेपेक्षा उंचीच्या आकड्यात चूक अधिक येते. म्हणून वाटेत उंची राखण्यासाठी विमाने आजही हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक वापरतात.

तिसरी आणि सर्वांत गंभीर मर्यादा म्हणजे खुणेचा अशक्तपणा. वीस हजार किलोमीटरवरून येणारी ही खूण अतिशय क्षीण असते. जमिनीवरच्या एखाद्या साध्या यंत्राने त्याच लहरीवर गोंगाट केला की ती बुडून जाते. याला जॅमिंग म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे स्पूफिंग. कोणीतरी खऱ्यासारखी खोटी खूण पाठवतो आणि विमानाचे यंत्र शांतपणे चुकीची जागा दाखवते. जॅमिंगमध्ये निदान यंत्र गप्प बसते, म्हणजे वैमानिक सावध होतो. स्पूफिंगमध्ये यंत्र ठामपणे खोटे बोलते. विमानातली डोंगराचा इशारा देणारी यंत्रणाही याच जागेवर अवलंबून असल्याने, डोंगर नसताना "वर चढा, वर चढा" असा खोटा इशारा मिळू शकतो. खोटे इशारे वारंवार मिळाले की माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतो. खरा धोका तिथे आहे.

हे दूरच्या युद्धभूमीपुरते राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, अशा अडथळ्यांच्या ४६५ घटनांची नोंद झाल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये खुद्द दिल्ली विमानतळाजवळ उपग्रहावर आधारित पद्धतीने उतरणाऱ्या काही विमानांना असा अनुभव आला. तेव्हा पर्यायी पद्धती हाताशी होत्या आणि जमिनीवरच्या केंद्रांच्या आधारे उतरणारी विमाने सुरळीत उतरत होती. असा प्रकार घडल्यास दहा मिनिटांच्या आत कळवावे, असा आदेश त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काढला.

पर्याय नसला की काय होते याचे उदाहरण युरोपातल्या एस्टोनिया देशात मिळाले. तिथल्या टार्टू शहराच्या विमानतळावर फिनएअरची विमाने उपग्रहाच्याच आधारे उतरत. एप्रिल २०२४ मध्ये खुणेत अडथळे आल्याने त्या कंपनीची विमाने उतरू न शकता हेलसिंकीला परत गेली. कंपनीला महिनाभर तिथली सेवा बंद ठेवावी लागली. जमिनीवरच्या केंद्रांवर आधारलेली दुसरी पद्धत तयार केल्यावरच विमाने पुन्हा सुरू झाली. अमेरिकेनेही उपग्रह आल्यावर आपली व्हीओआर केंद्रे कमी केली, पण सगळी मोडीत काढली नाहीत. उपग्रह गेला तरी विमान सुखरूप उतरावे एवढे किमान जाळे जाणीवपूर्वक राखले आहे.

गगन : नागपूर आणि गयेचा वाटा

आपल्या देशानेही या बाबतीत अभिमान वाटावे असे काम केले आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून "गगन" ही यंत्रणा उभारली. तिचे तत्त्व साधे आहे. देशात १५ ठिकाणी संदर्भकेंद्रे आहेत. प्रत्येक केंद्राला आपली खरी जागा अगदी काटेकोर माहीत असते. जीपीएस जी जागा सांगते ती आणि खरी जागा यांतला फरक हे केंद्र सतत मोजत असते. हे सर्व फरक बंगळूरला जमा होतात, दुरुस्ती काढली जाते, आणि ती आपल्याच जीसॅट मालिकेतल्या उपग्रहांमार्फत विमानांना पाठवली जाते. एखाद्या उपग्रहावर विश्वास ठेवण्याजोगा नाही असे दिसले, तर तेही लगेच कळवले जाते.

या १५ केंद्रांत एक नागपूरला आहे आणि एक गयेला. बाबासाहेबांनी जिथे आपल्याला धम्म दिला ते नागपूर, आणि तथागतांच्या बोधीचे स्थान ज्याच्या शेजारी आहे ते गया. या दोन ठिकाणांहून आज विमानांची वाट तपासली जाते, हे वाचून आम्हाला बरे वाटले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये गगन सुरू झाली. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगड विमानतळावर इंडिगोचे एटीआर विमान गगनच्या मार्गदर्शनाने उतरले. देशातला तो पहिलाच प्रसंग. आयएलएसची महागडी यंत्रे नसलेल्या छोट्या विमानतळांना याचा मोठा लाभ आहे. मात्र एक गोष्ट विसरू नये. गगन वातावरणाने केलेली चूक दुरुस्त करते. कोणी मुद्दाम गोंगाट केला किंवा खोटी खूण पाठवली तर त्यावर गगन हा उपाय नाही. त्यासाठी जमिनीवरची केंद्रे आणि जागरूक वैमानिक हवेतच.

डोळ्यांनी पाहिले तेही तपासा

कोणी म्हणेल, यंत्रांचे राहू द्या, डोळ्यांवर तरी विश्वास ठेवावा की नाही? मुंबईतलीच गोष्ट घ्या. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझला उतरायचे ते शेजारच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले. धावपट्टी समोर स्वच्छ दिसली, म्हणून उतरले. ती अपुरी पडली आणि विमान पलीकडे गेले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. धावपट्टी दिसली हे खरेच होते, पण ती आपली नव्हती.

तथागत बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. चांगला वैमानिक हाच नियम पाळतो. उपग्रहाचे उत्तर तो रेडिओ केंद्राशी ताडून पाहतो, केंद्राचे अंतर नकाशाशी, नकाशा घड्याळाशी, आणि उंची सतत डोळ्यांसमोर ठेवतो. जुळले तर पुढे, नाही जुळले तर आधी वर चढायचे, मग शोध घ्यायचा. यंत्राची पूजा करायची नाही आणि यंत्राला नाकारायचेही नाही. दोन्ही अंधश्रद्धाच.

आपल्यापैकी अनेकांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये हेच जीपीएस आहे. घरोघरी सामान पोचवणारी आपल्या वस्तीतली तरुण मुले त्यावरच दिवसभर फिरतात. नकाशाने चुकीच्या गल्लीत नेले तर ती पानाच्या टपरीवर विचारतात. ही सवय चांगली आहे. ती प्रत्येक बाबतीत लावा, एवढेच आमचे सांगणे आहे. मोबाइलवर आलेला निरोप असो, व्यासपीठावरचे भाषण असो की आमचा हा लेख असो, दुसऱ्या काट्याशी ताडून पाहा.

आणि आई-वडिलांना एक विनंती. विमान चालवणे खर्चाचे आहे हे खरे. पण हवाई वाहतूक नियंत्रक होणे, या रेडिओ आणि उपग्रह केंद्रांची देखभाल करणारा अभियंता होणे, यासाठी लागतात ते गणित, पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स आणि स्पर्धापरीक्षेची तयारी. मुलगा किंवा मुलगी "गणित अवघड जाते" म्हणाली तर लगेच विषय सोडायला लावू नका. शेजारच्या विहारात संध्याकाळी एक अभ्यासवर्ग चालवा, शिकवणारा शोधा. बाबासाहेबांनी शिका म्हटले त्यात हेही आले.

पुढच्या वेळी जुन्नरची लेणी पाहायला जाल तेव्हा पोरांना शिल्पे दाखवाच. मग बाहेर येऊन समोरचे डोंगरही दाखवा, आणि १९६२ सालच्या त्या ९४ जीवांची गोष्ट सांगा. आपण कुठे आहोत हे एकदा तपासून घेतले असते तर ती माणसे मुंबईत उतरली असती.